पंच : एका पेयाच्या नावाची पंचाईत

पदव्युत्तर वर्गाला भाषाविज्ञान शिकवताना ‘आदानप्रदान’ हा घटक आला, की आम्ही दोघेही वर्षानुवर्षे एक ठरलेले उदाहरण देत आलो. इंग्रजीने आपल्याकडून काय घेतले, हे सांगताना ‘लूट’, ‘बंगला’, ‘पंडित’ हे शब्द मुलांना आधीच ठाऊक असतात. वर्ग पेंगू लागला की आम्ही विचारायचो, “हॉटेलात ‘फ्रूट पंच’ मिळते, त्यातला ‘पंच’ कुठला?” कुणी मुष्टियुद्धाकडे जाई, कुणी कागदाला भोक पाडायच्या यंत्राकडे. मग आम्ही विजयी मुद्रेने सांगायचो : हा आपलाच पंच. पंचामृतातला, पंचारतीतला. मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला अशा पाच वस्तूंचे पेय, म्हणून पंच. वर्ग हसायचा, जागा व्हायचा. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत हे उदाहरण हमखास उतरायचे आणि आम्ही त्याला गुणही द्यायचो.

काही वर्षांपूर्वी दोडामार्गकडच्या एका विद्यार्थिनीने ह्यात मोडता घातला. ती म्हणाली, “सर, आमच्याकडे माडी आहे, उर्राक आहे, फेणी आहे. पण ‘पंच’ नावाचं काही आमच्या आजोबांनीसुद्धा कधी ऐकलेलं नाही. मग हा शब्द आपल्याकडून गेला तरी कसा?”

प्रश्न साधा होता, आणि आमच्याजवळ उत्तर नव्हते. एखाद्या शब्दाने देश सोडला तर त्याची मुळे तरी मागे राहायला हवीत. ताडी परदेशी गेली, पण ती इथेही उरली. मग ‘पंच’ इथे का उरला नाही? आम्ही त्या दिवशी “शोधून सांगतो” असे म्हटले आणि खरोखरच शोधायला बसलो. प्रस्तुत लेख ही त्या शोधाची हकिकत आहे, आणि काही अंशी आमच्या जुन्या उत्तरपत्रिकांचे परिमार्जनही.

*

प्रथम पेयाविषयी. ज्याला आज ‘कॉकटेल’ म्हणतात त्या मिश्रमद्यांच्या कुळातला पंच हा एक थोरला पूर्वज. ‘कॉकटेल’ ह्या शब्दाचा अर्थ मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क ह्यांचे मिश्रण असा १८०६ साली अमेरिकेतल्या एका वृत्तपत्राने दिला. पंच त्याहून पावणेदोनशे वर्षांनी जुना. आणि त्याची जन्मकथा समुद्राशी बांधलेली आहे. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे हिंदुस्थानच्या किनाऱ्यांना लागू लागली, तेव्हा त्यांवरची बिअर आणि द्राक्षमद्य लांबच्या प्रवासात व उष्ण हवेत टिकत नसे. इथल्या वखारींतल्या गोऱ्या लोकांना जवळचे, स्वस्त आणि भरपूर असे मद्य एकच होते, ते म्हणजे माडाच्या किंवा उसाच्या रसापासून गाळलेला ‘अरक’. तो उग्र असे. त्याला साखर, लिंबू, पाणी, गुलाबपाणी, जायफळ ह्यांच्या साहाय्याने माणसाळवून मोठ्या भांड्यात कालवायचे आणि भोवती बसून प्यायचे, ही रीत वखारींत आणि जहाजांवर रुजली. पेयाचा जन्म पौर्वात्य समुद्रावरच्या ह्या जीवनात झाला, ह्याविषयी अभ्यासकांत फारसा वाद नाही. वाद आहे तो नावाविषयी.

नावाचा सर्वांत जुना म्हणून सांगितला जाणारा पुरावा १६३२ सालचा आहे. रॉबर्ट ॲडम्स नावाच्या कंपनीच्या एका माणसाने पेटापोलीच्या वखारीतल्या टॉमस कोली ह्या व्यापाऱ्याला पत्र लिहिले. पेटापोली म्हणजे आंध्र किनाऱ्यावरचे आजचे निजामपट्टणम. तुम्ही सारे मिळून गुण्यागोविंदाने राहाल आणि पंच पिताना हात आखडणार नाही अशी आशा आहे, असा त्या पत्राचा भाव. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की पत्रलेखक ‘पंच’ म्हणजे काय हे सांगत नाही. त्याला ते सांगण्याची गरज वाटत नाही. म्हणजे १६३२ मध्येच हा शब्द त्या मंडळींच्या तोंडी चांगला रुळलेला होता.

पुढच्या काही दशकांत युरोपीय प्रवाशांच्या लेखनात हे पेय पुनःपुन्हा भेटते, आणि इथेच आमची पंचाईत सुरू होते. १६३८ साली सुरतेला आलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो त्याला ‘पालेपुंट्झ’ म्हणतो. त्याने दिलेले घटक : मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर. मोजून चार. १६५३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात ला बुलाय-ल-गूझ हा फ्रेंच गृहस्थ ‘बोलपाँज’ असे नाव देतो. त्याची यादी : साखर, लिंबाचा रस, मद्य, जायपत्री आणि भाजलेले बिस्कीट. हे मात्र पाच भरतात! पण नेमका हाच लेखक लिहितो, की हा इंग्रजी शब्द आहे. औरंगजेबाच्या काळात हिंदुस्थानात राहिलेला बर्निए बंगालविषयी लिहिताना ‘बूलपाँज’चा उल्लेख करतो : काळ्या साखरेचा अरक, लिंबाचा रस, पाणी, वर थोडे जायफळ. पुन्हा चार. चवीला गोड, पण प्रकृतीला घातक, असा शेराही तो मारतो.

‘पालेपुंट्झ’ आणि ‘बोलपाँज’ ही रूपे ऐकायला गमतीची वाटतात. ती मूळ इंग्रजी ‘बोल ऑफ पंच’ म्हणजे ‘वाडगाभर पंच’ ह्या प्रयोगाची परकीय कानांनी केलेली नक्कल आहे. म्हणजे जर्मन आणि फ्रेंच प्रवाशांनी हा शब्द इथल्या माणसांकडून नव्हे, तर इथल्या इंग्रजांकडून ऐकला. दोडामार्गच्या त्या मुलीच्या आजोबांनी तो का ऐकला नाही, ह्याचे अर्धे उत्तर इथे मिळते. पेय इथले, पण पिणारे आणि नाव उच्चारणारे वखारीच्या भिंतीआड होते.

*

मग ‘पाच’ आला कुठून? तो आला जॉन फ्रायरकडून. शिवकालाच्या अभ्यासकांना फ्रायर नवा नाही. १६७२ साली इंग्लंडहून निघालेला हा कंपनीचा वैद्य मुंबई, सुरत, जुन्नर, कारवार, गोवा असा हिंडला. १६७४च्या राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर गेलेल्या हेन्री ऑक्झेंडनच्या वकिलातीची हकिकत त्याच्या पुस्तकात आहे, आणि त्या निमित्ताने मराठी इतिहासलेखनात त्याचे नाव येत राहते. १६८२ साली तो मायदेशी परतला आणि १६९८ साली त्याचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले.

ह्या पुस्तकात गोव्याजवळच्या नेरूलचा उल्लेख आहे. बार्देशातले हे गाव आजही त्याच नावाने आहे. नेरूलला उत्तम अरक होतो, त्यापासून ह्या किनाऱ्यावरचे इंग्रज शरीराला शिथिल करणारे एक पेय बनवतात, त्याचे नाव ‘पाँच’. हिंदुस्थानी भाषेत त्याचा अर्थ पाच, कारण त्यात पाच घटक असतात, असे फ्रायर सांगतो. आमच्या वर्गातल्या उदाहरणाचे मूळ हे एवढेच. पुढच्या कोशकारांनी, प्रवाशांनी, पाकपुस्तकांनी आणि अखेर आम्हीही ते एकमेकांकडून उचलले.

फ्रायरचे वाक्य मात्र इथे संपत नाही, आणि ते पुढचे अर्धे वाक्य सहसा कोणी सांगत नाही. आम्हीही कधी सांगितले नव्हते. तो पुढे म्हणतो, की वैद्य लोक आपल्या पाच द्रव्यांच्या योगाला ‘डायापेंटे’ म्हणतात आणि चार द्रव्यांच्या योगाला ‘डायाटेसेरॉन’, त्यातलाच हा प्रकार. फ्रायर स्वतः वैद्य होता. युरोपीय औषधशास्त्रात घटकांच्या संख्येवरून योगाला नाव देण्याची जुनी ग्रीक परंपरा होती, जशी आपल्याकडे त्रिफळा आणि त्रिकटू. अशा माणसाने हिंदुस्थानात ‘पाँच’ हा अंक ऐकला, इंग्रजांच्या वाडग्यात ‘पंच’ हे पेय पाहिले, आणि त्याच्या शिक्षणाने दोहोंमध्ये एक पूल बांधला. तो पूल खरा असेल किंवा नसेल. पण तो बांधण्याची सवय कुठून आली, हे त्याच्या वाक्यातच दिसते.

आणि कालक्रमही ध्यानात घेतला पाहिजे. नाव १६३२ मध्ये वापरात आहे. अर्थ छापून येतो तो १६९८ मध्ये. मधल्या सहासष्ट वर्षांत शब्द समुद्रापार जाऊन आलेला आहे. जॉन एव्हलिनच्या रोजनिशीत जानेवारी १६६२ मध्ये लंडनजवळच्या ब्लॅकवॉल गोदीतल्या कंपनीच्या जहाजावर मिळालेल्या पेयांत पंच आहे. म्हणजे फ्रायरने शब्दाचा जन्म पाहिलेला नाही. प्रौढ झालेल्या शब्दाचे जातक त्याने मागाहून मांडले आहे.

*

ह्या व्युत्पत्तीवर घेतले जाणारे आक्षेप तीन. तिघांचे वजन सारखे नाही.

पहिला आक्षेप घटकांच्या संख्येचा : पेयात कधी तीन, कधी चार, कधी सहा वस्तू दिसतात, मग ‘पाच’ कसे? साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी ह्या आक्षेपाचा सुंदर साक्षीदार म्हणजे शिलर. त्याने १८०३ साली लिहिलेले ‘पुन्शलीड’ म्हणजे पंचगीत चार मूलतत्त्वांच्या कल्पनेवर उभे आहे : लिंबाचा आंबटपणा, साखरेचा गोडवा, पाणी आणि मद्य. जीवनाचेही चार घटक आणि पेल्याचेही चार. जर्मन कवीला नावातल्या ‘पाच’ची दखलही नाही.

परंतु मराठी माणसाने ह्या आक्षेपाला फार घाबरू नये. आपल्या घरात ह्याचे उत्तर आहे. देवाच्या पंचामृतात दूध, दही, तूप, मध, साखर हे पाच पदार्थ शास्त्राने बांधून दिले आहेत. पण सणासुदीच्या पानात डावीकडे वाढतात ते पंचामृत वेगळेच : चिंच, गूळ, तिळाचे कूट, दाणे, खोबरे, मिरच्या, वर फोडणी. त्यातले पदार्थ कोण मोजतो? आणि ‘पंचायत’ पाच जणांचीच असते असे कुठे आहे? तिच्यापासून झालेल्या ‘पंचाईत’ ह्या शब्दात तर माणसेही उरली नाहीत, नुसती अडचण उरली. नावात अंक असला म्हणजे वस्तूने जन्मभर तो पाळला पाहिजे, असे भाषा मानत नाही. तेव्हा हा आक्षेप आम्ही दुय्यम समजतो.

दुसरा आक्षेप उच्चाराचा, आणि तो खरोखर अवघड आहे. आज ‘पंच’ हा इंग्रजी शब्द आणि मराठी ‘पंच’ कानाला एकच वाटतात. ह्या सारखेपणावरच आमच्या उदाहरणाची सारी जादू उभी होती. पण सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजीत ह्या स्वराचा उच्चार ‘अ’ नव्हता, ‘उ’ होता. ‘कप’, ‘सन’, ‘पंच’ हे शब्द तेव्हा ‘कुप’, ‘सुन’, ‘पुंच’ असे उच्चारले जात. हा ‘उ’ दक्षिण इंग्लंडात ‘अ’कडे सरकला तो त्या शतकाच्या मध्याच्या आसपास, उत्तर इंग्लंडच्या बोलींत तो आजही ‘उ’च आहे. मांडेल्स्लोचा ‘पुंट्झ’, फ्रेंचांचा ‘पाँज’ आणि जर्मनांचा आजचा ‘पुन्श’ ही सारी रूपे त्याच जुन्या ‘उ’ची साक्ष देतात. म्हणजे १६३२च्या पत्रातला शब्द तोंडाने उच्चारला गेला तो बहुधा ‘पुंच’ असा. त्याचे मूळ संस्कृत ‘पंच’, फारसी ‘पंज’ किंवा हिंदुस्थानी ‘पाँच’ असेल, तर अकार-आकाराचा उकार का झाला, हे सांगावे लागते. जो ध्वनिसाम्याचा पुरावा म्हणून आम्ही वर्गात मिरवत होतो, तो पुरावा शब्दाच्या जन्मवेळी अस्तित्वातच नव्हता; तो नंतरच्या उच्चारबदलाने तयार झाला. ऑक्सफर्डच्या कोशकारांना ह्या व्युत्पत्तीविषयी शंका वाटत आली ती मुख्यतः ह्या कारणाने.

तिसरा आक्षेप साखळीचा. ह्यासाठी ‘टॉडी’ हा शब्द शेजारी ठेवून पाहावा. इंग्रजी ‘टॉडी’ हा आपल्या ‘ताडी’पासून आला ह्यात शंका नाही. कारण तिथे प्रत्येक कडी हाताला लागते. वस्तू इथे आहे, तिचे नाव इथल्या बोलींत आहे, इंग्रज प्रवाशांच्या जुन्या लेखनात ‘तारी’, ‘ताडी’, ‘टॉडी’ अशी एकामागून एक रूपे दिसतात, आणि मग अठराव्या शतकात हाच शब्द स्कॉटलंडमध्ये गरम पाण्यात साखर घालून घेतलेल्या व्हिस्कीला चिकटतो. अर्थ बदलला, पण वाट पुसली गेली नाही. ‘पंच’च्या बाबतीत पहिली कडीच नाही. त्याचे सारे जुने दाखले युरोपीयांच्या लेखणीतून आलेले आहेत. इथल्या लोकांनी त्या पेयाला ‘पंच’ म्हटल्याचे फ्रायरही सांगत नाही. तो एवढेच सांगतो, की इंग्रज ज्याला असे म्हणतात त्या शब्दाचा हिंदुस्थानीत अर्थ पाच असा आहे. ह्या दोन विधानांत अंतर आहे, आणि ते अंतर आम्ही इतकी वर्षे वर्गात न दिसल्यासारखे ओलांडत होतो.

*

विरुद्ध पक्षाचे म्हणणे काय? ते असे, की हा शब्द खलाशांचा आहे. मद्याच्या मोठ्या पिंपाला इंग्रजीत ‘पंचन’ म्हणत. त्याचे खलाशी तोंडात आखूड रूप झाले ते ‘पंच’. ह्या मताला आधार देणारी एक नोंद बार्बाडोसची आहे. रिचर्ड लिगन १६४७च्या सुमारास त्या बेटावर गेला. १६५७ साली छापलेल्या त्याच्या पुस्तकात तिथल्या पेयांमध्ये ‘पंच’ आहे, आणि तो म्हणजे पाणी व साखर एकत्र करून दहाएक दिवस ठेवून आंबवलेले मजुरांचे पेय. फक्त दोन घटक, आणि हिंदुस्थानचा वाराही नाही. हा शब्द इतक्या दूर, इतक्या लवकर आणि इतक्या वेगळ्या वस्तूसाठी दिसतो, ह्यावरून तो खलाशांच्या सामायिक बोलीतला असावा असे काहींना वाटते.

उच्चाराची अडचण इथे येत नाही, हे खरे. पण ‘पंचन’चे ‘पंच’ झाल्याचा दाखलाही कोणी पुढे ठेवलेला नाही. म्हणजे इथेही साखळी तुटकीच. एका बाजूला फ्रायरचा अंदाज, दुसऱ्या बाजूला आधुनिक अभ्यासकांचा अंदाज. आणि बार्बाडोसच्या नोंदीचा अर्थ उलटाही लावता येतो : कंपनीच्या जहाजांवरचा शब्द इतर जहाजांवर आणि तिथून वेस्ट इंडीजमध्ये पोचायला पंधरा वर्षे पुरेशी आहेत. स्वर बदलण्याचा मुद्दाही निर्णायक म्हणता येत नाही, कारण खलाशी परक्या शब्दाचे काय करतील ह्याचा नेम नसतो. ‘ताडी’तला ‘आ’ तरी ‘टॉडी’त कुठे शाबूत राहिला?

तेव्हा आमचा निष्कर्ष असा : ‘पंच’ हे नाव आपल्या ‘पाच’पासून आले असणे शक्य आहे, ते सिद्ध झालेले नाही, आणि ते ज्या ध्वनिसाम्यावर सर्वांना पटते ते साम्य पुरावा म्हणून चालत नाही.

*

नादाने अर्थ ओढून आणण्याची ही खोड किती जुनी आणि किती सार्वत्रिक आहे, ह्याचे उदाहरण त्या कोशातच आहे ज्याने ही व्युत्पत्ती जगभर नेली. यूल आणि बर्नेल ह्यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६ साली प्रसिद्ध झाला. १९०३ साली विल्यम क्रुकने त्याची दुसरी आवृत्ती काढली. कोशाचे नाव मुद्दाम तसे ठेवलेले आहे. मोहरममधील ‘या हसन, या हुसेन’ हा शोकघोष इंग्रज शिपायांच्या कानांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ असा ऐकला. अनोळखी नादात ओळखीची नावे शोधायची ही माणसाच्या कानाची सवय, म्हणून पुढे भाषाशास्त्रात तिलाच ‘हॉब्सन-जॉब्सनचा नियम’ म्हणू लागले. ज्या कोशाचे शीर्षकच चुकलेल्या कानाचे स्मारक आहे, त्यात ‘पंच’ म्हणजे पाच ही नोंद वाचताना थोडे थबकायला हवे होते. आम्ही थबकलो नाही.

उलट दिशेचे उदाहरण मुंबईत घडले. लंडनचे ‘पंच’ हे व्यंगपत्र १८४१ साली निघाले. त्याचे नाव कळसूत्री बाहुल्यांच्या खेळातल्या मिस्टर पंचवरून, आणि तो पंच इटलीच्या ‘पुलचिनेल्ला’चा वंशज. पेयाशी त्याचा संबंध नाही. पण त्याच्या संस्थापकांपैकी एकाचे नाव मार्क लेमन असल्यामुळे ‘लेमनशिवाय पंच कसला’ हा विनोद तेव्हापासून सांगितला जातो. ह्या पत्राच्या धर्तीवर मुंबईत १८५४ साली ‘पारसी पंच’ निघाले, तेच पुढे ‘हिंदी पंच’ झाले. ठाण्याहून मराठीत ‘हिंदुपंच’ निघत असे. ‘हिंदी पंच’च्या व्यंगचित्रांतला नायक कोण? तर पंचोबा! इटलीचा कुबडा विदूषक मुंबईत येताच त्याला खंडोबा-विठोबाच्या पंक्तीतला प्रत्यय लागला, आणि त्याच्या नावात वाचकाला गावचे पंच ऐकू येऊ लागले. ही व्युत्पत्ती चूक आहे हे सांगायला विद्वान लागत नाही, पण ती सर्जक आहे हे नाकारताही येत नाही. फ्रायरने इंग्रजांच्या पेल्यात जे केले, तेच मुंबईकरांनी इंग्रजांच्या विदूषकाशी केले.

*

मग ह्या पेल्यात आपले म्हणावे असे काहीच नाही काय? आहे, आणि भरपूर आहे. फक्त ते नावाच्या चिठ्ठीवर नसून आतल्या द्रवात आहे.

‘अरक’ घ्या. अरबीत ह्याचा अर्थ घाम. ऊर्ध्वपातनाच्या भांड्याच्या झाकणाला आतून सुटणारे थेंब पाहून हे नाव पडले. तोच शब्द मराठीत ‘अर्क’ म्हणून आला. सूर्याच्या संस्कृत ‘अर्का’शी त्याचे नाते नाही, पण आपण आज त्याला इतके आपले मानतो की एखाद्या बेरकी माणसालाही ‘अर्क’ म्हणतो. गोव्यात काजूच्या पहिल्या धारेला ‘उर्राक’ म्हणतात, तोही ह्याच घराण्यातला. दोडामार्गच्या त्या आजोबांना ‘पंच’ ठाऊक नव्हता, पण पंचाचा मूळ घटक त्यांच्या तोंडी होता.

साखर घ्या. संस्कृत ‘शर्करा’ म्हणजे मुळात खडे, वाळू. तीच प्राकृतातून मराठीत ‘साखर’ झाली आणि फारसी ‘शकर’, अरबी ‘सुक्कर’ ह्या वाटेने युरोपात जाऊन ‘शुगर’ झाली. लिंबू, लीमू, लैमून, लेमन ही माळ तर सांगावीच लागत नाही. कुणी कुणाकडून घेतला ह्यावर मतभेद असतील, पण नाते उघड आहे. ज्या पिंपावरून ‘पंच’ आला असे विरुद्ध पक्ष म्हणतो, त्या वस्तूचे आपले नाव ‘पिंप’ तरी कुठे आपले आहे? ते पोर्तुगीजांच्या ‘पिपा’पासून आलेले. आणि फ्रायरने ज्याचा दाखला दिला त्या ‘डायापेंटे’मधला ग्रीक ‘पेंटे’ हा आपल्या ‘पंच’चा सख्खा भाऊबंद आहे, इंग्रजी ‘फाइव्ह’सुद्धा त्याच कुळातला. १७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनच्या ज्या नात्याकडे बोट दाखवले, त्याची ही घरगुती उदाहरणे. फ्रायरला आपण दोन सावत्र शब्दांची तुलना करत आहोत असे वाटले असेल. प्रत्यक्षात ते एकाच आईचे होते.

एका पेल्यात एवढा इतिहास विरघळलेला असताना आम्ही मात्र त्याच्या नावापुरते अडून बसलो होतो. का? ह्याचे प्रामाणिक उत्तर असे, की ते उदाहरण आम्हांला हवे होते. मराठीच्या वर्गात बसणाऱ्या मुलांना बाहेरचे जग रोज सांगते की तुमच्या भाषेला बाजारात किंमत नाही. अशा वेळी शिक्षकाला वाटते, निदान इंग्रजांच्या पेल्यावर तरी आपले नाव कोरलेले दाखवावे. ही भावना समजण्यासारखी आहे. परंतु तिच्याच बळावर ‘अमुक परदेशी नाव म्हणजे आपलेच तमुक’ अशा जुळवाजुळवीचे कारखाने चालतात, आणि तिथला माल पाहून आम्ही स्टाफरूममध्ये हसत असतो. त्या कारखान्यात आणि आमच्या वर्गात फरक होता तो फक्त आमच्या उदाहरणामागे हॉब्सन-जॉब्सनसारखे भारदस्त नाव होते, एवढाच. पद्धत तीच होती : नाद जुळला, अर्थ जुळवला, पुरावा गृहीत धरला.

शिवकालात, फ्रायर ज्या दशकात ह्या किनाऱ्यावर हिंडत होता त्याच दशकात, रघुनाथपंतांनी ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध केला आणि फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. भाषेचा अभिमान म्हणतात तो हा : शब्द घडवावेत, चालवून पाहावेत, रुजतील ते राखावेत. त्याचा हक्क प्रत्येक पिढीला आहे. झालेल्या गोष्टींचा इतिहास मात्र असा घडवता येत नाही. तो सापडेल तेवढाच घ्यावा लागतो आणि जिथे कडी तुटली असेल तिथे तुटली आहे असे म्हणावे लागते.

असो. ‘फ्रूट पंच’चे उदाहरण आम्ही वर्गातून काढून टाकलेले नाही. पूर्वी ते पाच मिनिटांत संपायचे. आता त्याला दोन तास लागतात. १६३२चे पत्र, मांडेल्स्लोचे चार पदार्थ, फ्रायरचे पूर्ण वाक्य, जुना इंग्रजी उकार आणि ‘ताडी’ची साखळी एवढे फळ्यावर मांडतो आणि मुलांनाच निवाडा करायला सांगतो. बहुसंख्य मुले अजूनही ‘पाच’च्याच बाजूने कौल देतात, पण कारणे देऊन. परीक्षेतला प्रश्नही बदलला आहे. पूर्वी ‘पंच ह्या शब्दाचे मूळ सांगा’ असे विचारायचो. आता ‘मूळ सांगणाऱ्या मतांची चिकित्सा करा’ असे विचारतो.

ती विद्यार्थिनी आता स्वतः शिकवते. मध्यंतरी भेटली तेव्हा आम्ही तिला ही सारी हकिकत सांगितली. सगळे ऐकून घेतल्यावर तिने विचारले, “आणि सर, त्या जुन्या पेपरांतले गुण?” ते परत घेता येत नाहीत. म्हणून हा लेख.